तुमच्या पाळीत ‘खाली’ कुठे आहे?

पत्र: सप्रेम नमस्कार. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत ब्लिस्टर पॅकिंगच्या, म्हणजे गोळ्या पट्ट्यांत भरून सील करण्याच्या, लाइनवर आहे. अकरा वर्षं ऑपरेटर होते, गेल्या दिवाळीपासून पाळीची प्रमुख झाले. हाताखाली नऊ माणसं. जानेवारीत आम्हा सगळ्या नव्या प्रमुखांना पणजीत एका हॉटेलात एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या सरांनी जॅझ ऐकवलं आणि सांगितलं, की जॅझमध्ये चूक नावाची गोष्टच नसते, जो तो आपल्या मनाने वाजवतो, म्हणून प्रमुखाने बाजूला व्हावं. मला ते फार पटलं. परत आल्यावर मी माणसांना म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मला विचारत बसू नका. तीन आठवडे बरे गेले. मग एका रात्री पट्ट्यांचं सीलिंग नीट होईना. एकाने मशीनचा वेग कमी केला, दुसऱ्याने त्याच वेळी तापमान वाढवलं, तिसऱ्याने फॉइलचा रोल बदलला, आणि कुणी कुणाला काही सांगितलं नाही. लीक टेस्टमध्ये पट्ट्या नापास झाल्या, दोन तासांचा माल बाजूला काढावा लागला, डेव्हिएशन, म्हणजे नियमाबाहेर घडल्याची नोंद, लिहिलं गेलं. तापमान वाढवणारा मुलगा सगळ्यांत नवा. त्याला मी सर्वांसमोर खूप बोलले. तेव्हापासून सगळं मीच बघते. आता रिकामा खोका उचलायचा तरी ‘मॅडम, उचलू?’ म्हणून विचारतात. रविवारी घरी फोन येतात. तो मुलगा तर तोंडच उघडत नाही. माझे बाबा देवळात भजनाला पखवाज वाजवायचे, त्यांची कणीक मळून द्यायचं काम माझं असायचं. म्हणून विचारते, संगीतातून हे खरंच शिकता येतं, की ते नुसतं गोड बोलणं होतं?
– फोंडा तालुक्यातील एक वाचक

उत्तर:

खरंच शिकता येतं. तुमच्या सरांनी तुम्हाला गाणाऱ्याची बाजू सांगितली, ठेका धरणाऱ्याची सांगायची राहून गेली. ती तुमच्या बाबांची बाजू. पत्रात तुम्ही कणकेचं लिहिलंत म्हणून मला हे उत्तर लिहावंसं वाटलं. त्या कणकेकडे मी येतेच.

मी एकतीस वर्षं बँकेत होते, शेवटची सहा एका शाखेची प्रमुख. त्याहून जास्त वर्षं पेटी वाजवते आहे. आधी घरच्या आरत्यांना, मग देवळातल्या भजनाला, पुढे गवयांच्या साथीला. शाखेत आणि पेटीवर, दोन्हीकडे माझ्या हातून एकच चूक होत राहिली आणि ती कळायला मला फार वेळ लागला. तुम्हाला सहा महिन्यांत प्रश्न पडला आहे, म्हणजे तुम्ही माझ्या पुष्कळ पुढे आहात.

आधी त्या जॅझबद्दल. ‘चूक नसते’ या बोलण्याच्या मागे बहुतेक वेळा जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने सांगितलेली एक आठवण असते. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या श्टुटगार्टला तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या साथीला पियानोवर होता. कार्यक्रम रंगलेला, माइल्सचं वादन ऐन भरात, आणि हॅनकॉकच्या हातून साफ चुकीचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, पडला. माइल्स क्षणभर थांबला आणि मग त्याने ट्रम्पेटवर असे काही सूर घेतले की तो कॉर्ड तिथे हवाच होता असं वाटावं. हॅनकॉक म्हणतो, माइल्सने ती चूक म्हणून ऐकलीच नाही. आता हे घडलं आहे, पुढे काय करायचं, एवढंच त्याने पाहिलं.

ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण ती नीट ऐका. कॉर्ड चुकलाच होता. तो सावरला, कारण स्वतःचं वादन भरात असतानाही माइल्सचा एक कान पियानोकडे होता. तुमच्या त्या रात्री वेगवाल्याचा कान तापमानवाल्याकडे नव्हता, तापमानवाल्याचा रोलवाल्याकडे नव्हता. तिघांनीही चांगल्याच हेतूने हात घातला. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील कदाचित. एकमेकांना ऐकत मात्र कुणीच नव्हतं.

आणखी एक फरक आहे, आणि तो तुमच्या सरांनी तरी सांगायला हवा होता. सूर चुकला तर हवेत विरून जातो. गोळ्यांची पट्टी विरत नाही. ती कुणाच्या तरी घरी जाते, औषधांच्या डब्यात पडून राहते, आणि सील कच्चं असेल तर आपल्या पावसाळ्याची दमट हवा आत शिरून गोळी बिघडते. म्हणून तुमच्या कारखान्यात काही चुका चुकाच राहणार. बॅच रेकॉर्डमध्ये तापमानाची जी मर्यादा लिहिली आहे, तिच्या बाहेर जाणं कुणाच्याच मनावर नाही, तुमच्याही नाही. नवी बॅच लावण्याआधीचा लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचची एकही पट्टी, फॉइलचा एकही तुकडा, एकही खोका मागे राहिला नाही हे पाहून सही करणं, यात कुणी उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं, दाखवायची नसते. ती तुमची बंदिश. ती जशीच्या तशी म्हणायची.

बंदिश पक्की असली म्हणजे कल्पकतेला जागा उरत नाही, असं पुष्कळांना वाटतं. तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, हे आपण गोवेकर अभिमानाने सांगतो. ती भैरवी किती वेळाची? साडेतीन मिनिटं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फार जास्त मावतच नसे. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या गायिकेला तेवढ्यातच सगळं सांगायचं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं. त्यामागे त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांच्याकडची अनेक वर्षांची तालीम होती. तुमच्या बॅच रेकॉर्डची चौकट त्या साडेतीन मिनिटांहून अरुंद आहे असं मला वाटत नाही.

जॅझमध्येही तेच. गोव्याने मुंबईला केवढे वादक दिले! आल्दोनचे आंतोनियो शाव्हिएर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा आणि लोक त्यांना, अमेरिकेतल्या प्रख्यात जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्या पिढीतल्या कितीतरी गोवेकर वादकांचा पाया चर्चच्या शाळेत घातला गेला होता. लहान वयात सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर डोळ्यांनी वाचून तोंडाने म्हणणं, आणि हातात व्हायोलिन. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत लिहिलेलं तंतोतंत वाजवणारी हीच माणसं रात्री हॉटेलात मनाने वाजवायची. दोन्ही त्याच बोटांनी.

आता ठेक्याकडे येते, कारण मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका जत्रेच्या रात्री देवळाच्या सभामंडपात एक तरुण गायिका गात होती. मी पेटीवर. तबल्यावर एक वयस्कर गृहस्थ. मध्यलय तीनताल, सोळा मात्रांचा, चालला होता. मुलगी तयारीची, गळा फिरता. बोल-ताना घेता घेता ती तिस्रच्या, म्हणजे तिना-तिनाच्या लयीच्या, अंगाने गेली आणि परतताना वाट चुकली. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते तिला कळेना. माझ्या शेजारीच होती, तिच्या मांडीवरची बोटं मोजायची थांबली ते मी पाहिलं.

तबलजींनी काय केलं? तोवर ते ठेका छान भरून वाजवत होते, मधेच एखादा छोटा तुकडा, एखादी लग्गीसारखी लाडीक जागा. ते सगळं त्यांनी टाकून दिलं. आवाज खाली आणला आणि अगदी कोरा ठेका धरला, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात तसा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मग खाली, म्हणजे तालाचा रिकामा भाग, आली, धा तिं तिं ता. तुम्हाला बाबांमुळे हे कानावर असेलच, तरी सांगते. दहाव्या मात्रेपासून डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा भाग, बंद होतो, चार मात्रा नुसती चाट, उजव्या तबल्याची कड, बोलते, आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला डग्गा पुन्हा घुमतो. गाणाऱ्याने तोवर मोजलं नसलं तरी चालतं. घुमारा परतला की समजायचं, तीन मात्रा उरल्या, पुढे सम. तबलजींनी त्या चार मात्रांत डग्ग्याला बोटही लावलं नाही, आणि चौदाव्या मात्रेला तो असा भरदार घुमवला की सभामंडपाच्या खांबांनाही कळावं. मुलीने एक आवर्तन नुसता षड्ज धरून ठेवला. ऐकलं. पुढच्या आवर्तनात मुखडा उचलला आणि समेवर आली. लोकांनी ‘वा’ म्हटलं. त्यांतल्या बहुतेकांना वाटलं, तो लांबवलेला षड्ज हाच तिचा विचार होता.

या सगळ्यात त्या गृहस्थांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर पुढच्या रांगेतल्या जाणकारांना कळलं असतं की काहीतरी घडलं.

आता तुमच्या पाळीकडे बघा. तुम्ही जानेवारीत ठेका सोडून दिलात आणि माणसांना म्हणालात, गा. ती गायली. आज तुम्ही ठेकाही धरता, गाताही, पेटीही वाजवता आणि टाळही कुटता, आणि त्यांनी फक्त री ओढायची. दोन्ही वेळा त्यांना एकच गोष्ट मिळाली नाही: आपण आवर्तनात कुठे आहोत हे सांगणारी खूण. सम त्यांना माहीत आहे. लीक टेस्टला पास होणारी पट्टी ही तुमची सम, ती नऊही माणसांना ठाऊक आहे. त्या रात्री तिघंही समेकडेच धावत होते. खाली नव्हती.

तेव्हा माझा पहिला सल्ला हाच, की पाळीत खाली बसवा. दोन लीक टेस्टच्या मधे एक ठरलेली वेळ घ्या, रोज तीच. त्या वेळी लाइनवरच्या प्रत्येकाने आपापल्या जागेवरूनच एक वाक्य बोलायचं: माझ्याकडे आत्ता काय चाललं आहे आणि मघापासून काय बदललं. रोल नवा लावला, सील कडेला फिकट दिसतं आहे, खोके संपत आले आहेत, मला काही नाही. एवढंच. कुणी उत्तर द्यायचं नाही, तुम्ही तर नाहीच. नऊ वाक्यांना दीड मिनिटही लागणार नाही. पहिला आठवडा लोक लाजतील, ‘काही नाही’ म्हणत सुटतील. सुटू द्या. डग्गा बंद ठेवायला धीर लागतो, आणि तो धीर तुमचा असायला हवा.

त्याच्या जोडीला एक नियम. मशीनच्या सेटिंगला एका वेळी एकाचाच हात, आणि ज्याचा हात त्याचं तोंडही चालू. ‘मी तापमान बघतोय’ हे मोठ्याने म्हटल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही, आणि कुणी तसं म्हटलं की बाकीच्यांनी आपले हात थांबवून ठेका धरायचा: पट्ट्या नजरेखालून घालायच्या, मोजायच्या, वेळ लिहायची. जुगलबंदीत दोन मोठे कलाकार बसतात तेव्हा एकाची तान चालू असताना दुसरा काय करतो ते कधी नीट पाहा. तो रिकामा बसलेला नसतो. आपल्या वाद्यावर अगदी हलक्या हाताने लय दाखवत असतो, म्हणून पहिल्याला इतकं दूर जाता येतं.

चतुर्थीला आपल्या वाड्यावरची पोरं घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि कासाळें, म्हणजे झांजा, घेऊन घरोघरी आरत्यांना फिरतात, तेव्हाही हे दिसतं. कुणी प्रमुख नेमलेला नसतो. शामेळवाला काठ्यांनी लय धरून ठेवतो आणि त्या आधारावर घुमटवाले डाव्या तळव्याने घुमटाचं मागचं तोंड उघडझाप करत वाटेल ते खेळतात. एकाचा हात थकला की दुसरा तसाच पुढे येतो. आरती कुठेच अडत नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. पेटीची साथ करताना वादकाला सगळ्यांत अवघड जातं ते थांबणं. गवई एखाद्या स्वरावर येऊन ठेपतो, श्वास घेतो, आणि ती शांतता आपल्याला सोसत नाही. बोटं शिवशिवतात. मी ती प्रत्येक जागा भरायचे. सुरेल भरायचे, लोक कौतुकही करायचे. एकदा एका ज्येष्ठ गवयांनी मध्यंतरात मला बाजूला बोलावलं आणि फार प्रेमाने म्हणाले, ‘बाई, मला विचार करायला जागा ठेवा.’ मी त्या रात्री झोपले नाही. कारण शाखेतही मी तेच करत होते हे मला तेव्हाच उमगलं. काउंटरवर गिऱ्हाइकाने काही विचारलं की क्लार्क तोंड उघडायच्या आत केबिनमधून माझं उत्तर तयार. पुढे गिऱ्हाइकं थेट माझ्याकडेच येऊ लागली. नंतर एकदा मी नऊ दिवस आजारी होते, तेव्हा कर्जाची तीन साधी प्रकरणं जशीच्या तशी पडून राहिली. शाखेतली माणसं माझ्याइतकीच शिकलेली होती. त्यांची सवय मी मोडली होती.

म्हणून ‘मॅडम, खोका उचलू?’ असं कुणी विचारलं की लगेच ‘उचल’ म्हणू नका. रागावूही नका. आठ मात्रा थांबा. खरंच मनात मोजा. माणूस तुमच्याकडे बघत उभा असतो आणि आठ मात्रा फार लांब वाटतात, पण सहाव्या-सातव्या मात्रेला बहुतेकजण आपणहून म्हणतात, ‘उचलतो मी.’ जो तरीही म्हणणार नाही, त्याला खरोखरच काहीतरी अडलेलं आहे. त्याच्याजवळ जाऊन बघा. ‘तुला काय वाटतं?’ असा उलटा प्रश्न टाकू नका, तो माणसाला परीक्षेसारखा वाटतो.

रविवारच्या फोनांचंही असंच, फक्त तिथे आधी एक व्यवस्था करावी लागेल. मैफलीत गुरूच्या मागे तानपुऱ्यावर शिष्य बसलेला असतो. गुरू गाता गाता मधेच थांबतात, शिष्य ती जागा उचलतो, चार-पाच स्वर गातो, गुरू पुन्हा आपल्या हातात घेतात. शिष्याला पूर्ण मैफल मिळत नाही, पण ती जागा सर्वांसमोर मिळते आणि गुरू शेजारीच असतात. तुम्ही तीन आठवड्यांसाठी अख्खी मैफल देऊन टाकलीत. त्याऐवजी आधी एक जागा द्या. बुधवारच्या पाळीचा लाइन क्लिअरन्स सुरुवातीपासून सहीपर्यंत अमकी बघेल, तुम्ही तिथेच असाल आणि बोलणार नाही. महिन्याभराने दोन जागा. मग रविवारी पाळीवर असलेल्याला सांगता येईल, की हे हे तू ठरव, या या गोष्टींसाठीच फोन कर, आणि ती यादी छोटी ठेवता येईल.

पाळी बदलताना काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे की तिथेही गाठ सुटते. तुमच्या कारखान्यापासून वास्को फार दूर नाही. तिथला दामोदराचा भजनी सप्ताह तुम्ही पाहिला असेलच. प्लेगच्या साथीत तो सुरू झाला असं सांगतात, शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि चोवीस तास भजन अखंड चालतं. कुठल्याही अखंड भजनात पहारे बदलतात तो क्षण मला फार आवडतो. नवी माणसं येऊन बसतात, टाळ हातात घेतात, पण लगेच आपलं काही सुरू करत नाहीत. चालू असलेल्या लयीत लय मिसळतात. एक-दोन आवर्तनं जुने आणि नवे दोघेही वाजवतात. मग जुने हळूच उठतात, आणि डोळे मिटून बसलेल्याला माणसं बदलली हे कळतही नाही. तुमच्याकडे वहीवर सही करून गेटकडे पळत असतील, तर दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर मशीनपाशी एकत्र उभे राहतील अशी परवानगी वरून मागून घ्या. त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. दोन तासांचा माल बाजूला काढण्याचा हिशेब आता तुमच्या साहेबांनाही ठाऊक आहे.

रियाजाबद्दल थोडक्यात. उपज मैफलीत सुचते असं दिसतं खरं, पण ज्याने हजार वेळा पलटे घोटलेले असतात त्यालाच ती सुचते. बॅच बदलताना लाइन थांबलेली असते, त्यातली दहा मिनिटं महिन्यातून दोनदा काढा आणि एक प्रसंग तोंडी घोटा: आत्ता सील फिकट यायला लागलं आहे. पहिलं कोण बोलणार? हात कुणाचा? पट्ट्या कोण बघणार? क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागाला, कोण कळवणार? मशीनला हात न लावता, नुसतं बोलून. पुढच्या खेपेला माणसं अदलाबदल करा.

राहिला तो मुलगा.

त्याने तापमान वाढवलं ते तुम्ही सांगितलं होतंत म्हणून, ‘योग्य वाटेल ते करा.’ त्याने ते मनापासून मानलं. शिक्षा मात्र त्याला सर्वांसमोर झाली. बाकीच्या आठ जणांनी त्या रात्री काय शिकून घेतलं असेल? हात घातला की बोलणी बसतात. खोका उचलायचा तरी विचारतात ते त्यामुळे. मला वाटतं तुमच्या पाळीचा ताल प्रशिक्षणाने बिघडला नाही, त्या रात्रीच्या दहा मिनिटांनी बिघडला. हे तुम्हाला लागेल, पण पत्रात त्याचा उल्लेख तुम्ही स्वतःहून दोनदा केलात, म्हणजे ते तुमच्याही मनात आहे.

म्हणून खाली, नियम, रियाज हे सगळं सुरू करायच्या आधी त्याच्याकडे जा. बोलणी सर्वांसमोर झाली होती, तेव्हा दिलगिरीही सर्वांसमोरच. फार शब्द नकोत. ‘त्या रात्री मी चुकीची सूचना दिली होती आणि बोलणी तुला दिली.’ बस्स. त्याने काही उत्तर दिलं नाही तर वाट बघू नका, कामाला लागा. आणि खालीची पहिली वेळ येईल तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करू नका, चौथा-पाचवा नंबर त्याचा येऊ द्या. आधीच्या चौघांनी ‘काही नाही’ म्हटल्यावर त्याला बोलणं सोपं जाईल.

आणि आता कणीक. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ती ओली कणीक थापताना बाबांना पाहिलं आहेत ना? थोडी लावायची, थाप मारायची, ऐकायचं. जास्त झाली तर काढायची, कमी पडली तर अजून एक चिमूट. पेटीच्या सुराशी जमेपर्यंत हे चालायचं. आमच्या देवळातले पखवाजी कणकेला हात लावायच्या आधी गाणाऱ्याकडे वळून विचारायचे, ‘आज पट्टी कोणती?’ म्हणजे गाण्याचा आधारस्वर कोणता. काल पेटीची चौथी काळी पट्टी, काळी चार, होती म्हणून आजही तीच असेल असं त्यांनी कधी धरलं नाही. गाणाऱ्याचा घसा बसलेला असायचा, कधी दुसराच कुणी गायला बसलेला असायचा. भजन संपलं की कणीक खरवडून टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी.

तुमच्या बाबांनीही असंच काही विचारलेलं तुम्हाला आठवत असेल. मंगळवारी रात्री पाळी सुरू व्हायच्या आधी एकदा त्या नऊ जणांसमोर उभ्या राहून बघा कोण थकून आलं आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण नवीन आहे. मग ठरवा त्या रात्री तुम्ही किती थापायची आणि किती खरवडून काढायची. महिनाभराने मला कळवा. तो मुलगा खालीच्या वेळी काय म्हणाला, ते आधी लिहा.